ग्रो लाइटसाठी अल्युमिनियमची पेटी घरीच कशी बनवायची

आमच्या बेळगावात एकदा झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, खानापूरकडं तर विचारूच नका, आणि नेमका त्याच वेळेला मिरची, टोमॅटो, कोबीचा तरवा ट्रेमध्ये टाकलेला असतोय. उजेड कमी पडला की रोपं नुसती उंच वाढतात, देठ दोऱ्यासारखा होतो आणि शेतात लावली की पहिल्या पावसातच आडवी. म्हणून मी गेली काही वर्षं एलईडी स्ट्रिपखाली रोपं करतोय. स्ट्रिप विकत मिळतात, त्या कशात बसवायच्या हा खरा प्रश्न.

पहिल्यांदा मी तेलाचा पंधरा किलोचा डबा कापून त्यात स्ट्रिप आणि ड्रायव्हर (घरच्या विजेवर एलईडीला लागणारा करंट देणारा डबा) दोन्ही कोंबले आणि पाऊस लागू नये म्हणून वरनं झाकण पण लावलं, तीच चूक. एलईडी गरम होत नाही म्हणतात ते अर्धंच खरं, उजेड समोरनं जातोय पण विजेचा निम्म्याच्या आसपास भाग उष्णता होऊन पाठीमागनं निघतोय, तिला वाट मिळाली नाही की एलईडी पिवळट पडतात. माझ्या दोन स्ट्रिप अशाच वाया गेल्या. वर डब्याला अर्थिंग नव्हतं, ओल्या हातानं धरला तर झिणझिण्या यायच्या, घरात लहान मुलं असताना हे चालणारच नाही. तेव्हा पेटी म्हणजे नुसतं झाकण समजू नका, उष्णता बाहेर काढणं आणि शॉक लागू न देणं ही तिची दोन कामं.

पत्रा अल्युमिनियमचाच घ्या. साध्या लोखंडी पत्र्याच्या जवळपास चौपट आणि स्टेनलेस स्टीलच्या दहापटीपेक्षा जास्त चांगली उष्णता तो वाहून नेतोय, शिवाय गंजून भोकं पडत नाहीत. १६ गेजचा म्हणजे साधारण दीड मिलिमीटरचा घ्या. आमच्याकडच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनची कामं करणाऱ्यांकडं तुकडा शिल्लक असतोय, वजनावर देतात, फक्त वाकवायचा आहे म्हणून सांगा कारण कडक जातीचा पत्रा दुमडताना तडकतोय.

माझं माप २ फूट बाय १ फूट, ट्रे बरोबर खाली बसतोय. पत्रा ६८० बाय ३८० मिलिमीटरचा कापा, चारी बाजूंनी ४० मिलिमीटर आत रेघ मारा. रेघ पेन्सिलीनं किंवा मार्करनं मारा, खिळ्यानं ओरखडा काढला तर दुमडताना तिथंच चीर पडते. रेघा जिथं मिळतात त्या चारी ठिकाणी आधी ४ मिलिमीटरचं भोक पाडा, मगच कोपऱ्यातले चौकोन कापा म्हणजे कोपरा फाटत नाही. कडा कानसीनं घासून घ्या, हे टाळू नका, बोट कापतंय.

दुमडायला बेंडिंग मशीन असेल तर शिस्तात होतंय. नसेल तर दोन लोखंडी अँगलमध्ये पत्रा धरून क्लॅम्प आवळा, आणि बाहेर आलेली बाजू लाकडी मोगरीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू पाडत न्या, एकाच जागी ठोकत बसलात तर पत्रा लाटा धरतो. कोपऱ्यांना आतनं छोटी पट्टी लावून रिव्हेट मारा. झाली पेटी, उलट्या परातीसारखी, खालनं पूर्ण उघडी. काच-बिच काही लावू नका.

आता स्ट्रिप. दोन फुटी चार, मध्ये ७५ मिलिमीटर अंतर आणि कडेपासून साधारण ३७, म्हणजे ट्रेच्या कडेची रोपं पण उपाशी राहत नाहीत. स्ट्रिपच्या मागं हीट सिंक पेस्ट (उष्णता पत्र्यात नेणारा मलम) अगदी पातळ लावा आणि स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला नाहीतर स्क्रूचं डोकं स्ट्रिपवरच्या तांब्याच्या रेघेला टेकतंय. जिथं स्ट्रिप बसते तिथं रंग नको, पांढरा रंग फक्त आतल्या कडांना. माझ्या स्ट्रिप २४ व्होल्ट, १२ वॅटच्या आहेत, चारही पॅरललमध्ये जोडल्यात आणि १२०० मिलीअँपच्या कॉन्स्टंट करंट (करंट ठरलेलाच ठेवणाऱ्या) ड्रायव्हरवर जेमतेम ७-७ वॅटनं चालवतोय. एखादी बंद पडली तरी बाकी तिघींवर फार भार येत नाही. सिरीजमध्ये जोडू नका, चौघींचे मिळून ९० व्होल्टच्या वर जातात आणि तो डीसी पण धोक्याचाच.

ड्रायव्हर पेटीत नाही, बाहेर. वर बसवायचा असेल तर पत्र्यापासून बोटभर उंच, खाली हवा खेळली पाहिजे. वायर जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट म्हणजे कडेनं वायर कापू नये म्हणून रबरी रिंग घाला. आणि अर्थिंग: थ्री पिनची हिरवी वायर कल्हईच्या थिंबलनं (वायरच्या टोकाला दाबायची धातूची कडी) थेट पत्र्याला, खाली स्टार वॉशर, तिथला रंग खरवडून. मग मल्टीमीटर लावा, प्लगची मोठी पिन आणि पेटी यात एक ओहमच्या आत दाखवायला पाहिजे, आणि स्ट्रिपच्या प्लस-मायनसपैकी कुठलीच पेटीला लागलेली नको. हे बघितल्याशिवाय प्लग लावू नका, कितीही घाई असू दे.

पहिल्या दिवशी तासभर चालवून प्लग काढा आणि वरच्या पत्र्यावर हात ठेवा, दहा सेकंद सहज ठेवता आला तर बरोबर. चटका बसत असेल तर पेस्ट नीट बसलेली नाही, स्क्रू काढून परत लावा.

टांगायला दोन्ही बाजूंना साखळी लावा म्हणजे रोपं वाढतील तशी कडी बदलून वर घेता येते. शेंड्यापासून २५-३० सेंटीमीटर ठेवा, पानं फिकी पडून वळायला लागली तर आणखी वर. दिवसाला १४ तास पुरे, टायमर लावा, अर्ध्या युनिटच्या आसपास वीज जाते. फवारणी पेटीखाली करू नका, लाइट बंद करून ट्रे बाहेर काढा, फवारा, पानं निथळली की परत आत.