जुना अ‍ॅम्प्लिफायर भंगारात देण्याआधी असा तपासा

पोळा-गणपती जवळ आले की गावात सल्ला सुरू होतो, "तो जुना डबा द्या भंगारात, नवा घ्या." झाकण उघडून मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

धूळ झाडा, उंदरानं कुरतडलेल्या वायरी बदला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर काढून फेका आणि लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज टाका. आत काचेचे व्हॉल्व्ह (बल्बसारख्या नळ्या) दिसले तर हात लावू नका. त्यात तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतं. सेट जाणत्या मेकॅनिककडे न्या.

आता नाजूक काम, पहिल्यांदा करंट देणं. "लाव प्लग, चालला तर चालला" हा सल्ला मला अजिबात खपत नाही. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या सेटमधल्या मोठ्या कपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या डबीच्या) आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो. त्यात आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि टिनाची खोली, म्हणजे आतलं द्रव्यही सुकतं. अशात एकदम २३० व्होल्ट दिले तर कपॅसिटर फुटतो, आणि कधी त्याच्यापायी मेन ट्रान्सफॉर्मरही जळतो. सेटमधली सगळ्यात मोलाची वस्तू तीच.

म्हणून सिरीज बोर्ड वापरा. फेजच्या वायरीत १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये येऊ द्या, म्हणजे सेटला जाणारा करंट बल्बमधूनच जाईल. एलईडी चालत नाही. करंट अडवायला तापणारी फिलामेंटच लागते. स्पीकर काढलेला, आवाज शून्यावर. स्विच दाबला की बल्ब भक्कन पेटून हळूहळू मंद झाला पाहिजे. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मला बराच काळ चकवलं ते तिसऱ्या प्रकारानं : बल्ब मंद होतो, पण पुरता विझत नाही. तेव्हा घाई नको. पंधरा-वीस मिनिटं तसंच चालू द्या, वास येतो का बघा. उजेड उतरत गेला तर कपॅसिटर सावरतोय. जागच्या जागी अडला तर कपॅसिटर बदलायचाच. हे काम दिवसा करा. रात्री वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि बल्ब उगाच मंद दिसतो. सेट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, आत बोट घालू नका.

बल्ब विझल्यात जमा झाला की मगच थेट प्लग. स्पीकरच्या टोकांवर मीटरनं डीसी मोजा. १०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर स्पीकर जोडू नका. १०० व्होल्ट लाइनच्या (लांबवर भोंगे जोडायच्या) टोकांना फक्त लाइन ट्रान्सफॉर्मरवाला भोंगा, घरचा ४ ओहमचा स्पीकर कधीच नाही.

आता तुलना. गाडीवर, बॅटरीवर, दिंडीत चालवायचा असेल तर नवा क्लास-डी (झटपट चालू-बंद होत चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर घ्या. तो हलका असतो आणि खाल्लेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरला देतो. जुना क्लास-एबी (आधीच्या पद्धतीचा) कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांपुढे जात नाही, उरलेली उष्णतेत घालवतो. नवा घेताना मात्र हजारो वॉट पीएमपीओच्या (क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीच्या) आकड्यावर जाऊ नका, आरएमएस (सलग मिळणारी खरी ताकद) विचारा. देवळातल्या भजनाला, रोजच्या ऐकण्याला मी जुनाच ठेवीन. त्यातला २एन३०५५ ट्रान्झिस्टर दोन स्क्रू काढून तालुक्यातला मेकॅनिकही बदलतो (नकली फार येतात, ओळखीच्या दुकानातूनच घ्या). नव्यात बहुतेकदा अख्खं बोर्डच बदलावं लागतं.

आणि विकायचाच असेल तर तांब्याच्या वजनावर भाव लावू देऊ नका. गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवा, मग किंमत बोला.