लाल बुचं अर्धीच का सापडत होती?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मित्राचं प्लास्टिकच्या बुचांचं छोटं युनिट आहे. ट्रेचा फोटो काढून लाल, निळी, हिरवी बुचं मोजायची स्क्रिप्ट मी त्याला पायथन आणि ओपनसीव्हीत (फोटोंवर काम करणारी कोड लायब्ररी) लिहून दिली. निळी-हिरवी बरोबर यायची. लाल मात्र ४० पैकी जेमतेम २२!

आधी वाटलं, ओपनसीव्ही फोटो आरजीबी (लाल-हिरवा-निळा) नव्हे तर बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमाने वाचतं, तिथेच घोळ असेल. नव्हता. दोन रात्री रंगांच्या मर्यादांचे आकडे उगाच खालीवर करण्यात गेल्या.

शेवटी एकेका बुचावरच्या पिक्सेलची एचएसव्ही (ह्यू, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा ठळकपणा, व्हॅल्यू म्हणजे उजळपणा) किंमत छापून पाहिली. काहींची ह्यू ४, काहींची १७६. तेव्हा ट्यूब पेटली. ह्यू म्हणजे रंगांचं चक्र. ३६० अंश एका बाइटमध्ये मावत नाहीत म्हणून ओपनसीव्ही ते निम्मे करून ० ते १७९ ठेवतं, आणि लाल रंग नेमका या चक्राच्या सांध्यावर बसतो. मी फक्त ० ते १० घेतलं होतं. मग १७० ते १७९ चा दुसरा मास्क (फक्त त्या रंगाचे पिक्सेल निवडणारी चाळणी) केला, दोन्ही 'बिटवाइज ऑर'ने (दोन्हींपैकी कशातही असलेला पिक्सेल धरून) जोडले. ४० पैकी ४३!

जास्तीचे तीन म्हणजे ट्यूबलाइटच्या चकाकीत दिसणारे लालसर ठिपके. सॅच्युरेशनची खालची मर्यादा १०० वर नेली, ५०० पिक्सेलपेक्षा लहान काँटूर (डागांच्या बाह्यरेषा) गाळले. आता आकडा जुळतो. पावसाळी अंधारात मात्र मित्राला ट्रे खिडकीपाशी न्यावा लागतो, आणि त्यावर तो रोज कुरकुरतो.