पोराला नाटकाचा नाद आहे? मुंबईच्या तिकिटाआधी एवढी तयारी करा

धान कापून झालं, दिवाळी सरली, की आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात नाटकांचे बोर्ड लागतात. दिवसा मंडई म्हणजे गावची जत्रा, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. याच दिवसांत दरवर्षी कोणी ना कोणी घरी येऊन विचारतं, "सर, पोराले अ‍ॅक्टिंगचा लय नाद हाय. मुंबईले कोनाले भेटाचं?" मी शाळेत शिकवतो, गॅदरिंगची नाटकं बसवतो आणि माझा मुलगाही याच वाटेने गेला. म्हणून सांगतो, मुंबई या यादीत अगदी शेवटी येते.

सगळ्यात आधी नाद पोराचा आहे की आपला, हे बघा. आरशासमोर डायलॉग मारणं सगळ्याच पोरांना आवडतं. नटाच्या कामात खरी कसोटी लागते ती थांबण्याची आणि तेच ते पुन्हा करण्याची. एकच वाक्य वीस वेळा म्हणायला लावा, विसाव्यांदाही त्याला त्यात गंमत वाटते का ते पाहा. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना शेजारच्या गावच्या नाटकात त्याला चार वाक्यांचं काम मिळालं. एन्ट्री रात्री एकनंतर. पडद्यामागे सतरंजीवर, गालाला लावलेला रंग तसाच ठेवून तो गाढ झोपला होता. मी ओल्या दुपट्ट्याने त्याचे डोळे पुसले. तो उठला, कोणी ढकलायच्या आत स्टेजवर गेला, चारही वाक्यं नीट म्हणाला आणि परत आल्यावर विचारलं, "बाबा, उद्या कुठं आहे?" त्या रात्री मला कळलं. रडला असता तर तसाच उचलून घरी आणला असता, आणि त्यातही काही वाईट नव्हतं. मात्र दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात पोराला घालायचं नाही, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळला.

मग आवाज आणि भाषा. रोज संध्याकाळी छपरीत बसून पेपरातली एक बातमी आजीला वाचून दाखवायची. आजीला कमी ऐकू येत असेल तर फारच उत्तम: ओरडायचं नाही, पण शेवटचा शब्दही गिळायचा नाही. आपलं पोर 'डोळा'ला 'डोरा' म्हणतं म्हणून त्याला टोकू नका. पुस्तकातली मराठी शिकवाच, पण घरची झाडीबोली, म्हणजे आपली इकडची बोली, पुसून नाही. दोन्ही बोली तोंडात असलेला नट दोन तऱ्हेची कामं करू शकतो. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच झाडीपट्टी रंगभूमीवरच्या, म्हणजे आपल्या इकडच्या गावोगावच्या नाटकांतल्या, कामासाठी. पोराला हे मुद्दाम सांगा, मोठं होण्यासाठी गाव सोडावंच लागतं असं त्याला वाटायला नको.

शाळेकडून दोन गोष्टींची चौकशी करा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेत आपली शाळा उतरू शकते का? आणि १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज कधी निघतो? पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात किंवा पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-टीव्हीच्या संस्थेत अभिनय शिकायचा म्हटलं तरी पदवी लागते. शाळा सुटली तर ती दारंही बंद होतात.

कागदपत्रांची एक फाईल आजच करा. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, पोराच्या नावाचं बँक खातं आणि पॅन. सगळ्या ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते तपासा. पोराने स्वतःच्या कलेवर मिळवलेला पैसा आयकरात त्याच्याच नावावर धरला जातो, आईबापाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, म्हणून पॅन हवं.

काम मागताना फोटो आणि व्हिडिओ पाठवावे लागतात. फोटोसाठी स्टुडिओची गरज नाही. सकाळच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, पावडर-लिपस्टिक न लावता दोन फोटो काढा: एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उभा. व्हिडिओसाठी मोबाईल आडवा आणि पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, पंखा बंद करा. नाव, वय, उंची, गाव सांगून मग एक मिनिटाचा प्रसंग.

आता पैशाचं. एका शहरात "रजिस्ट्रेशन आणि पोर्टफोलिओ" (नटाच्या फोटोंचा अल्बम) या नावाखाली माझ्याकडून अकरा हजार घेतले गेले. धान विकून आलेले पैसे होते ते. त्यानंतर एकही फोन आला नाही. काम देणारा माणूस नटाला पैसे देतो, नटाकडून घेत नाही. कोणी आधी पैसे मागितले की उठून या. पोराला एकट्याला आत बोलावलं तरीही उठून या.

काम मिळालंच तर कायदा तोंडपाठ असू द्या. १९८६ च्या बालकामगार कायद्याखालच्या नियमांत २०१७ साली बालकलाकारांसाठी अटी घातल्या आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्तही नाही. जिथे शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची असते, ती बघायला मागा. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. मिळकतीचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत पोराच्या नावे मुदत ठेवीत गेला पाहिजे, तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. आणि पोर "नाही" म्हणालं तर त्याच्या मनाविरुद्ध काम करून घेता येत नाही. हे शेवटचं आपल्यालाही लागू आहे. काही वावगं दिसलं तर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर पोराला पाठ हवा.

एवढं झालं की गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसचं रिझर्वेशन करा, आईबापांपैकी एकाचं सोबत धरूनच, आणि परतीचंही आत्ताच. पिशवीत फाईल, तिच्या झेरॉक्स, साध्या रंगाचे दोन शर्ट, बारीक प्रिंट असलेला एकही नको. भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली. आणि गणिताची वही, कारण ऑडिशनच्या ठिकाणी बाकावर बसून तीन-चार तास नंबर येत नाही.