सी या प्रोग्रामिंग भाषेत ४५ दिवसांनंतरची तारीख काढायची सोपी युक्ती

तारखेत दिवस मिळवायला महिन्यांचं कोष्टक आणि लीप वर्षाच्या इफ-एल्सची माळ लिहू नका. एमकेटाइम हे फंक्शन तेच करतं.

समजा, पुण्यातल्या एका वाचनालयाचं पुस्तक २० जानेवारी २०२५ ला नेलं, मुदत ४५ दिवस.

१. टाइम.एच ही हेडर फाइल जोडा, स्ट्रक्ट टीएम (तारीख-वेळेचे भाग ठेवणारी रचना) घेऊन सगळं शून्य करा.
२. तिच्यात टीएम_इयर (वर्ष) १२५, टीएम_मन (महिना) ०, टीएम_एमडे (महिन्यातला दिवस) २० + ४५ भरा. वर्ष १९०० पासून आणि महिना शून्यापासून मोजतात, गडबड बहुतेकदा इथेच होते.
३. टीएम_आयएसडीएसटी (उन्हाळी वेळ लागू आहे का, याची खूण) -१ म्हणजे ‘माहीत नाही’ ठेवून एमकेटाइमला स्ट्रक्टचा पत्ता द्या.

६५ चे आपोआप ६ मार्च होतात. टीएम_डब्ल्यूडे (आठवड्याचा वार, रविवार ०) ४ येतो, म्हणजे गुरुवार.

छापताना महिन्यात १ आणि वर्षात १९०० मिळवायला विसरू नका.