कोटा लावला आणि पॉडच गायब! जीपीयू क्लस्टरवर नव्याने आलेल्यांसाठी

कुबरनेटीस काय (अनेक मशीनच्या क्लस्टरवर प्रोग्राम चालवणारी सिस्टिम), पॉड काय (त्यातला चालणारा एक तुकडा, आत एक किंवा अनेक कंटेनर), नेमस्पेस (क्लस्टरमधला एका टीमचा कप्पा) कशाला लागतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. माहीत नसेल तर आधी ते बघून या, चार दिवसांचं काम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मी दोन वर्षं टेस्टिंगमध्ये काढून एमएल (मशीन लर्निंग) प्लॅटफॉर्मच्या टीममध्ये आले आणि तिसऱ्याच आठवड्यात मला सांगितलं गेलं की तीन टीम एकच क्लस्टर वापरतात, जीपीयूवरून (मॉडेल ट्रेन करायची महागडी कार्डं) रोज भांडणं होतात, तर तू प्रत्येकाच्या नेमस्पेसला रिसोर्स कोटा (सीपीयू, मेमरी, जीपीयू किती घ्यायचं त्याची मर्यादा) लावून टाक. "लावून टाक". जे काम कोणी "टाक" लावून सांगतं ते त्याने स्वतः कधी केलेलं नसतं, हे माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

आधी एक गोष्ट पटकन सांगते. कोटा दोन ठिकाणी असतो आणि नवी माणसं इथेच गोंधळतात. एक क्लाउडच्या अकाउंटचा, दुसरा क्लस्टरच्या आतला. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचं क्लाउड) अकाउंटचा कोटा जीपीयूत मोजत नाहीत, व्हीसीपीयूत (आभासी सीपीयूत) मोजतात. जी४डीएन एक्सलार्ज या मशीनमध्ये ४ व्हीसीपीयू आणि १ टी४ कार्ड (१ जीपीयू), म्हणजे ८ जीपीयूला ३२ चा कोटा पुरतो. पण तेच ८ जीपीयू त्याच्याच मोठ्या १२ एक्सलार्जवर घेतले (४८ व्हीसीपीयूला ४ कार्डं) तर ९६ लागतात. स्पॉटचा (स्वस्त, पण कधीही काढून घेतल्या जाणाऱ्या मशीनचा) कोटा वेगळा, प्रत्येक रीजनचा वेगळा, मुंबईत वाढवून घेतलेला हैदराबादला चालत नाही. गुगलवर रीजनचा जीपीयू कोटा आणि वर सगळ्या रीजनचा मिळून एक, नुसता एकच वाढवला तर काही हलत नाही. आणि हे सगळं मंजूर झालं तरी मशीन मिळेलच असं नाही. कोटा म्हणजे रेशनकार्ड, दुकानात गहू आलाय का हा प्रश्न निराळा.

आता माझी फजिती.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मी कोटा लावला. रिक्वेस्ट्स (कंटेनर राखून मागतो ते) सीपीयू ६४, लिमिट्स (त्याच्यावर वापरता येत नाही ते) सीपीयू ९६, मेमरीचे तसेच दोन आकडे आणि जीपीयू ८. लावला, बघितलं, चालू असलेलं सगळं व्यवस्थित चालू. छान वाटलं. पण ते छान वाटणंच खोटं होतं, कारण कोटा आधीपासून चालू असलेल्या पॉडला हातच लावत नाही, तो फक्त नवीन पॉड येताना दारात उभा राहतो. म्हणजे लावल्यावर लगेच काही मोडलं नाही याचा अर्थ काहीच सिद्ध होत नाही.

शनिवारी रात्री मॉडेल रीट्रेन करणारा क्रॉनजॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालायचा होता. सोमवारी सकाळी आले तर मॉडेल जुनंच. जॉब बघितला तर फेल्ड, कारण लिहिलंय "डेडलाइन एक्सीडेड". मला वाटलं ट्रेनिंग स्लो झालंय, डेटा वाढला असेल! म्हणून मी काय केलं, तर डेडलाइन ६ तासांची १२ केली आणि परत चालवला. मग पॉड बघायला गेले तर "नो रिसोर्सेस फाउंड". पेंडिंग नाही, क्रॅश नाही, एरर नाही, लॉग नाही, पॉडच नाही. लॉग बघायचे तरी कुणाचे? इमेज तपासली, सर्व्हिस अकाउंट तपासलं, ऑटोस्केलर नवीन मशीन का आणत नाहीये म्हणून त्याच्यामागे दोन तास घालवले. तो कशाला आणेल, तो पेंडिंग पॉड बघून मशीन आणतो आणि इथे पेंडिंग व्हायलाही पॉड नव्हता. वर मॅनेजरने खर्चाचा डॅशबोर्ड बघून ग्रुपवर अंगठा टाकला, वीकेंडचा जीपीयू खर्च एकदम खाली आलाय म्हणे, कोट्याचा फायदा दिसला! मी गप्प बसले.

आमच्याकडे एक सिनियर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. काकांनी माझ्या कीबोर्डला हात लावला नाही, शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पॉड नाहीये ना, मग पॉडला काय विचारतेस, पॉड ज्याने बनवायचा होता त्याला विचार." मग मी डिस्क्राइब जॉब ही कमांड चालवली आणि खाली इव्हेंटमध्ये सरळ लिहिलं होतं: फॉरबिडन, फेल्ड कोटा, मस्ट स्पेसिफाय लिमिट्स सीपीयू फॉर लॉग-एजंट.

हे जरा सावकाश सांगते, कारण माझा दीड दिवस इथे गेला. नेमस्पेसच्या कोट्यात तुम्ही सीपीयू किंवा मेमरीचा आकडा टाकला की त्या क्षणापासून प्रत्येक नवीन पॉडमधल्या प्रत्येक कंटेनरने तो आकडा सांगितलाच पाहिजे. प्रत्येक कंटेनरने, नुसत्या मुख्य कंटेनरने नाही. माझ्या ट्रेनिंगच्या कंटेनरला सगळं नीट लिहिलेलं होतं, पण शेजारी लॉग गोळा करणारा एक चिमुकला कंटेनर होता, टेम्प्लेटमधून आलेला, त्याला कुणी कधी काही लिहिलंच नव्हतं. त्या एकामुळे अख्खा पॉड परत पाठवला गेला. आणि तुम्ही सबमिट करता तो जॉब, पॉड नाही. जॉबला सीपीयू लागत नाही, त्यामुळे एपीआय सर्व्हर जॉब हसत हसत घेतो, टर्मिनलवर "क्रिएटेड" येतं, ड्राय रनसुद्धा (नुसती तपासणी) पास होतं. नंतर कंट्रोलर मागे बसून पॉड बनवायला जातो, त्याला ४०३ (म्हणजे तेच फॉरबिडन) मिळतो, तो थोडं थांबून परत जातो, परत ४०३. हे सगळं चाललेलं असतं तुमच्या नजरेआड, जॉबच्या इव्हेंटमध्ये, आणि इव्हेंट डीफॉल्टने तासभरच टिकतात, म्हणून शनिवारचं सोमवारी काहीच उरलं नव्हतं. डिप्लॉयमेंट असेल तर हेच रेप्लिकासेटच्या (तिथे पॉड तो बनवतो) इव्हेंटमध्ये सापडेल.

उपाय तसा पाच मिनिटांचा. नेमस्पेसला आधी लिमिटरेंज लावा, म्हणजे ज्याने काही लिहिलं नाही त्याला डीफॉल्ट मिळेल, आणि मगच कोटा लावा. लिमिटरेंजमध्ये डीफॉल्ट लिमिट आणि डीफॉल्ट रिक्वेस्ट दोन्ही लिहा. नुसतं लिमिट, समजा २ सीपीयू, लिहिलंत तर रिक्वेस्टही तेवढीच धरली जाते आणि तो चिमुकला लॉग-एजंट उगाच २ सीपीयू अडवून बसतो. माझं विचाराल तर कोट्यात सीपीयूचं लिमिट टाकूच नका, रिक्वेस्ट पुरते. लिमिटमुळे डेटालोडर (कार्डाला डेटा पुरवणारा भाग) गुदमरतो आणि महागडं कार्ड रिकामं बसून राहतं. यावर आमच्याकडे वाद आहेत, असू देत.

जीपीयूचं उलट सोपं आहे. तिथे कोट्यात फक्त रिक्वेस्ट्सवालाच आकडा चालतो, आणि जीपीयू न मागणारा पॉड त्यामुळे अडत नाही.

बाकी किरकोळ. ४ व्हीसीपीयूच्या मशीनवर ४ सीपीयू मागू नका, ते पॉड जन्मभर पेंडिंग राहतील. ईकेएसवर (एडब्ल्यूएसचं तयार कुबरनेटीस) सिस्टिमसाठी राखलेलं वजा जाऊन ४००० पैकी ३९२० मिलीसीपीयू उरतात, त्यातही डेमनसेट (प्रत्येक मशीनवर चालणारे पॉड) बसलेले असतात. मेमरीत लहान एम लिहिला तर तो मिली (हजारावा भाग) होतो, मेगा नाही, यावर हसाल पण मी लिहिलाय. पेंडिंग पॉडही कोटा खातो, संपलेला खात नाही. तीन टीमच्या कोट्यांची बेरीज क्लस्टरपेक्षा जास्त असू शकते, कोटा म्हणजे आरक्षण नव्हे. आणि ४ वर्करचं ट्रेनिंग असेल आणि कोट्यात ३ च बसले तर ते तिघे चौथ्याची वाट बघत कार्डं धरून बसतात, बिल चालू. त्यासाठी क्यू नावाचं प्रोजेक्ट बघा (के-यू-ई-यू-ई), ते सगळे वर्कर बसत असतील तरच जॉबला आत सोडतं आणि एका टीमचा रिकामा कोटा दुसरीला उसना देतं. पण ते पहिल्याच महिन्यात नको, आधी साधा कोटा हाताने लावा आणि मोडा.

चॅटबॉटकडून यामल (सेटिंगची फाइल) घेऊन चिकटवणाऱ्यांनो, माझंही तसंच आलेलं होतं, एकही चूक नव्हती त्यात. लिमिटरेंज मात्र नव्हती, कारण मी ती मागितलीच नव्हती. आणि जो सिनियर काही न बघता "कोटा वाढव ना मग" म्हणतो त्याच्यापासून जरा लांबच राहा.

फार टेन्शनही घेऊ नका. कोटा चुकला तरी चालू ट्रेनिंग मरत नाही, आकडा बदलला की पुढच्या पॉडपासून लागू होतो, कुणाचा डेटा जात नाही. मी आता कोटा लावला की लगेच त्याच टेम्प्लेटमधून एक डमी जॉब सोडते, १ जीपीयू, ६० सेकंद झोप, आणि पॉड डोळ्यांनी बघितल्याशिवाय लॅपटॉप बंद करत नाही. त्या क्रॉनजॉबची डेडलाइन मात्र अजून १२ तासच आहे, परत ६ करायची राहूनच गेलीय.