रिकामी पिकअप मागून नाचते? कमानीला पाटा वाढवण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात पाणंदीच्या चिखलातून डांबरीवर चढताना किंवा मोंढ्यात माल उतरवून रिकामी गाडी जोरात काढताना मागची चाकं धडाधड नाचतात आणि सगळी बॉडी हादरते. बोलेरो पिकअप असो, जुनी कमांडर असो की ओम्नी, मागे कमान (एकावर एक लोखंडी पाटे रचलेली स्प्रिंग) असलेल्या कोणत्याही गाडीत हे होऊ शकतं. गॅरेजवाला लगेच म्हणतो, "एक पाटा वाढवू." माझं सांगणं असं की पाट्याला हात सगळ्यात शेवटी लावा.

आधी हे का होतं ते बघू. अशा गाडीत कमान वजन तर पेलतेच, शिवाय मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा धुरा, जागेवर धरायचं कामही तीच करते. चाक पुढे फिरायला लागलं की अ‍ॅक्सलच्या मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याचं तोंड वर उचलतं आणि कमानीला एस आकाराचा पीळ बसतो. तेवढ्यात टायर घसरला की पीळ सुटतो आणि अ‍ॅक्सल झटक्यात मूळ जागी येतो. मग टायर पुन्हा पकड घेतो, पुन्हा पीळ बसतो. हेच चक्र एका सेकंदात अनेकदा होतं. काळ्या मातीच्या चिखलातून टायर एकदम कोरड्या मुरमावर आला की हा खेळ हमखास सुरू होतो.

पीळ डोळ्यांनी बघता येतो. सपाट जागेवर पुढच्या दोन्ही चाकांसमोर जाड लाकडी ओंडके लावा आणि मोबाइल बाजूला विटेवर ठेवून मागच्या कमानीचा व्हिडिओ सुरू करा. पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू, गाडी ओंडक्याला रेटेल इतकाच सोडा. गाडीपुढे किंवा गाडीखाली कुणीही नको. हँडब्रेक मात्र सोडलेला हवा. मागचे ब्रेक लागलेले असले तर सगळा जोर अ‍ॅक्सलच्या आतच अडतो, कमानीपर्यंत पोचत नाही आणि दोष लपून राहतो. व्हिडिओत एका बाजूचा अ‍ॅक्सल दुसरीपेक्षा जास्त फिरताना दिसला, तर त्या बाजूपासून सुरुवात करा.

पहिल्यांदा हवा बघा. पूर्ण लोडसाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीत तशीच ठेवली तर टायर चेंडूसारखा उडतो. दारावरच्या किंवा पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे रिकाम्या गाडीची हवा ठेवा, दोन्ही बाजूंना सारखी.

मग यू-बोल्ट, म्हणजे कमान अ‍ॅक्सलला आवळून धरणारे बोल्ट. इंजिन बंद करा, चाकांना अडण लावा आणि टॉर्च घेऊन खाली वाका. कमान अ‍ॅक्सलवर जिथे बसते तिथे गंजाचा तांबूस ओघळ किंवा घासून चकाकलेली रेघ दिसली, तर बोल्ट ढिले आहेत आणि अ‍ॅक्सल सरकतोय असं समजा. कमानीचं पुढचं टोक (डोळा) चेसिसला धरणाऱ्या आय-बोल्टपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक आला तर पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो. ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. नवे बोल्ट गाडीचं वजन कमानीवर असताना, आडव्या-तिरक्या क्रमाने, पुस्तिकेतल्या मापाने आवळा. थोडी गाडी चालवून परत एकदा आवळा.

कमानीच्या पुढच्या डोळ्यातल्या बुशला पहारीने हलकेच उचकून बघा. खडखड झाली की बुश बदला. पाट्यांच्या क्लिपा तुटल्या असतील तर पाटे एकमेकांपासून सुटतात आणि पिळाचा भार एकट्या मुख्य पाट्यावर येतो. प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, आणि इंजिनचे माउंटिंग हातासरशी बघून घ्या.

शॉकअप गाडी दाबून कळत नाही, कारण कमान कडक असते. तो काढून हाताने ताणा आणि दाबा. मध्येच मोकळा गेला किंवा तेल गळत असलं तर जोडी बदला. शॉकअप कुठे बसतो यानेही फरक पडतो. अमेरिकेत १९६७ च्या कॅमेरो या शेव्हरोलेच्या गाडीला मागे एकपाटी कमान होती आणि तिची चाकं अशीच नाचायची. १९६८ मध्ये कंपनीने एक शॉकअप अ‍ॅक्सलच्या पुढे आणि एक मागे बसवला. अ‍ॅक्सल फिरू लागला की दोन्ही शॉकअप त्याला आवरतात.

हे सगळं करूनही नाच थांबला नाही, तरच कमानीकडे वळा. पूर्ण लांबीचा पाटा वाढवला की रिकामी गाडी आणखी कडक होते आणि खड्ड्यात जास्त उडते. त्यापेक्षा कमानीच्या पुढच्या अर्ध्या भागालाच आखूड पाटा जोडणं किंवा अ‍ॅक्सलपासून चेसिसपर्यंत बुश असलेला ट्रॅक्शन बार (अ‍ॅक्सलला फिरण्यापासून रोखणारा दांडा) बसवणं बरं. बारची लांबी चुकली तर तो कमानीच्या हालचालीशी झगडतो, म्हणून हे काम जाणत्या कमानवाल्याकडूनच करून घ्या. पाट्यावर वेल्डिंग तर अजिबात नको. तापलेला पाटा त्याच जागी तुटतो. आरामासाठी पाटा काढणं आणि उंचीसाठी अ‍ॅक्सल-कमानीमध्ये ठोकळा घालणं, या दोन्हींनी पीळ वाढतो.

रस्त्यातच गाडी नाचायला लागली तर लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. रेटत राहिलात तर क्रॉस, अ‍ॅक्सल शाफ्ट किंवा डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन हे दातेरी गिअर जाऊ शकतात. चाकाखालचा चिखल काढून खडी टाका, हौद्यात अ‍ॅक्सलवर भार येईल अशी दोन-चार पोती ठेवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडून गाडी बाहेर काढा.