हायपो म्हणजे नक्की कुठला?

एमएस्सी झालं, एखाद्या खासगी लॅबमध्ये फील्डवर लागलात आणि पहिल्याच सोमवारी बर्फाचा डबा, बाटल्यांचा क्रेट न् एमआयडीसीतल्या चार कंपन्यांची यादी हातात पडली, तर हे तुमच्यासाठी. ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट), कन्सेंट (प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती), बीओडी (जिवाणूंच्या ऑक्सिजनवरून पाण्यातली घाण मोजायचा आकडा) हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मलाही माहीत होतं. मी आपटलो तो भलत्याच एका शब्दावर.

आधी कन्सेंटचं. गेटवर पोहोचण्याआधी कंपनीचा चालू कन्सेंट वाचून ठेवा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडी ३० आणि सीओडी (तीच घाण, पण रसायनाने मोजलेली) २५०, दोन्ही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, सिंचनासाठी जमिनीवर सोडायचं असेल तर बीओडी १००, ही सर्वसाधारण मानकं पाठ असतातच. पण कन्सेंटमध्ये त्याहून कडक आकडा असेल तर तोच धरायचा. कलमांत मुलाखतीला गोंधळ होतो तो असा: १९७४ च्या जल कायद्यात कलम २१ नमुना घेण्याचं आणि २५ संमतीचं, १९८१ च्या वायू कायद्यात २१ च संमतीचं आणि नमुना २६ मध्ये. मी उलटं सांगून आलो होतो. तरी घेतलं मला.

आता माझी गोष्ट. एक रासायनिक कारखाना, दर महिन्याला आउटलेटचा नमुना. सीओडी दोनशेच्या आसपास, बीओडी १२, १४, ११. पार्टी खूश, आमचे सर खूश. ईटीपीचा ऑपरेटर वयाने मोठा, मी त्याला मामा म्हणायचो. पहिल्याच भेटीत मामा म्हणाला, "रंग जावा म्हणून शेवटच्या टाकीत हायपो मारतो, साहेब." मी शहाण्यासारखं नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'हायपो टाकलेला आहे.' पुढच्या भेटींतही तेच उतरवत गेलो.

इथेच घात झाला. ईटीपीवर हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीन. लॅबमध्ये हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध. एकच शब्द, अर्थ बरोबर उलटे. लॅबच्या बेंचवर नमुने तपासणाऱ्या ताईंनी चिठ्ठी वाचली आणि समजल्या की पोराने जागेवरच क्लोरीन काढून आणलाय. त्यांनी तपासला नाही, नमुना सरळ बाटल्यांत भरला. त्यांची चूक मी धरत नाही. चिठ्ठी माझी होती, सही माझी होती.

क्लोरीन राहिला तर काय होतं, हे जरा सविस्तर सांगतो. बीओडी म्हणजे तीन दिवस, २७ अंशांवर, बाटलीतल्या जिवाणूंनी घाण खाताना संपवलेला ऑक्सिजन. जिवाणूच मेले किंवा अर्धमेले झाले तर खाणार कोण? ऑक्सिजन शिल्लक राहतो, बीओडी कमी येतो आणि पाणी कागदावर स्वच्छ होतं. सीओडीत खाणारे जिवाणू नसतात, तिथे डायक्रोमेट हे रसायन काम करतं, त्यामुळे सीओडी आपला दोनशेच्या घरात. म्हणजे सीओडी २०० आणि बीओडी १२ ही जोडी दिसली की दोन शक्यता: उरलेली घाण खरोखरच जिवाणूंना न पचणारी आहे, नाहीतर जिवाणूंना कोणीतरी मारलंय. पहिली शक्यता खोटी नसते. म्हणूनच तर आपण फसतो.

पण खरा चोर कच्च्या वर्कशीटमध्ये उघडा पडला होता. ३०० मिलीच्या बाटलीत ६० मिली नमुना घातला, ऑक्सिजन घटला २.४, म्हणजे बीओडी १२. ३० मिली घातला, घट २.९, म्हणजे २९. १५ मिली, घट २.८, म्हणजे ५६. पाणी तेच, उत्तरं तीन. नमुना जितका पातळ केला तितका क्लोरीनही पातळ झाला, जिवाणू सावरले, बीओडी वाढला. नमुन्यात क्लोरीन नसता तर ६० मिली नमुन्याच्या बाटलीत ऑक्सिजन संपूनच गेला असता, कारण २७ अंशांना पाण्यात तो जेमतेम ८ च्या आसपास मावतो. पातळ करत जाल तसं उत्तर चढत असेल तर नमुन्यात विष आहे, हे पुस्तकात असतं. आमच्याकडे 'जास्त नमुना तितकं अचूक' म्हणून १२ उचलला जायचा.

पाचव्या महिन्यात मंडळाचे अधिकारी जेव्हीएसला, म्हणजे स्वतः नमुना घेऊन पडताळायला आले. त्यांचा बीओडी ६४ निघाला, त्याच्या आदल्याच आठवड्यातला आमचा १३. कंपनीला कारणे दाखवा नोटीस आणि आम्हाला कंपनीचा फोन, जो मला उचलायला लावला.

तेव्हा नवीन माणसाने एवढं तरी करावं. 'हायपो' हा शब्द चिठ्ठीवर लिहायचाच नाही. हायपोक्लोराइट किंवा थायोसल्फेट, पूर्ण नाव लिहायचं. मामांचं ऐकून कॅन बघायचा, लेबल वाचायचं. आउटलेटला स्टार्च-आयोडाइडचा कागद बुडवायचा. निळा झाला तर क्लोरीन आहे असं धरून चिठ्ठीवर ठळक लिहायचं. थायोसल्फेट हाताने अंदाजे ओतू नका. लॅबमध्ये टायट्रेशन करून हवा तेवढाच सल्फाइट (तोही क्लोरीन मारणाराच) घालतात, कारण जादा सल्फाइट स्वतःच ऑक्सिजन खातो आणि आता बीओडी उलट वाढून येतो. क्लोरीन काढल्यावर सीड, म्हणजे जिवंत जिवाणूंचं विरजण, घालायला सांगा. मेलेले जिवाणू आपोआप जिवंत होत नाहीत. आणि रिपोर्टवर सही करण्याआधी तिन्ही डायल्युशन बघायला मागा. लॅबवाले वैतागतील. वैतागू दे.

भीती वाटत असेल तर सांगतो, हे दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. बीओडीच्या बाटलीत ॲसिड नाही, फक्त बर्फ, सीओडीत सल्फ्युरिक, तेल-ग्रीसला काचेची वेगळी बाटली, नमुन्याने विसळायची नाही. तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप चालतो.

चिमणीवरचं, म्हणजे धुराचा नमुना घेणं, शिकायचं असेल तर वर चढून शिका. पोर्ट (नमुना घ्यायचं भोक) आधीच्या वळणापासून पुढे आठ व्यास आणि पुढच्या अडथळ्याच्या मागे दोन व्यास अंतरावर असावा हे कागदावर सोपं असतं. प्रत्यक्षात पोर्ट बेंडला चिकटलेला असतो आणि प्लॅटफॉर्मचा कठडा हलत असतो. कठडा हलत असेल तर चढू नका आणि तसं लिहून द्या. कुठल्याही रिपोर्टसाठी पडायची गरज नाही.

गुरूंबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. केबिनमधल्या सरांपेक्षा बेंचवरच्या ताई आणि ईटीपीवरचे मामा जास्त शिकवतात. दोन दिवसांचे 'कन्सेंट एक्स्पर्ट' कोर्स करून पैसे घालवू नका. फॉर्म पाच (कंपनीचं वार्षिक पर्यावरण विवरण) ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा आणि घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, हे शिकायला कोर्स लागत नाही. आणि 'पार्टीला सांभाळून घे' म्हणणारा सीनियर भेटला तर त्याच्या हाताखाली सहा महिन्यांवर थांबू नका. माझ्या सरांनी ते कधी तोंडाने म्हटलं नाही. १२ आला की ते फक्त पुढचं पान उलटायचे.

तो कारखाना आमच्याकडून गेला. मामा अजून तिथेच आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला होता, नव्या लॅबचा पोरगा चिठ्ठीवर काय लिहितो ते वाचून दाखवत होता. मी म्हटलं, "मामा, त्याला कॅन दाखवा."